इंजेक्शन काढून वेबर बसवताना: झेटेक इंजिनावर पहिल्यांदा हात घालणाऱ्यांसाठी

लहानपणी घरी पद्मिनी होती. ती रुसली की कोपऱ्यावरचा मेकॅनिक कार्बोरेटर खोलायचा, जेट (पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) तोंडात धरून फुंकायचा, परत बसवायचा आणि गाडी सुरू व्हायची. इंग्लंडमध्ये आल्यावर किट कार, म्हणजे सुट्या भागांतून घरी जुळवायची गाडी, बांधायला घेतली तेव्हा माझ्या डोक्यात हेच चित्र होतं. पेट्रोल इंजेक्शनची ती सगळी वायरिंग कापून टाकू, दोन वेबर कार्बोरेटर बसवू, काम सोपं होईल. कार्बोरेटर म्हणजे पेट्रोलचा नळ, एवढीच माझी समजूत.

पद्मिनीच्या इंजिनावर डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेळेवर ठिणगी वाटणारा भाग, होता, ही गोष्ट मी विसरलो होतो. फोर्डच्या झेटेक इंजिनावर तो नाही आणि तो फिरवायची सोयही नाही. इंजेक्शनचा संगणक, म्हणजे ईसीयू, काढला की पेट्रोलचा हिशेब जातो तसा ठिणगीचाही जातो. या कामातलं निम्म्याहून जास्त डोकं ठिणगीवर खर्च होतं, पण नवशिका माणूस ते सगळं जेटवर खर्च करतो. मीही तेच केलं, त्याची गोष्ट पुढे येईलच.

हा लेख दोन लिटरच्या झेटेकबद्दल आहे: १९८८ सीसी, १६ व्हॉल्व्ह, मूळ रूपात १३० अश्वशक्तीच्या आसपास. मॉन्डेओ आणि पहिल्या फोकसमधून ती ब्रिटनच्या भंगारात इतकी आली, की लोकॉस्ट किंवा वेस्टफील्ड धर्तीच्या हलक्या दोन सीटर गाड्यांचं ते ठरलेलं इंजिन होऊन बसलं. रुपेरी झाकणाचं म्हणजे जुनं, काळ्या झाकणाचं म्हणजे फोकसचं. जुन्यात टॅपेट हायड्रॉलिक आहेत, काळ्यात नाहीत. मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बोरेटर आणि इंजिन यांना जोडणारा नळ्यांचा भाग, मागवताना झाकणाचा रंग सांगा, कारण दोघांच्या इनटेक पोर्टचा आकार सारखा नाही.

आधी कागद, मग पाना

ब्रिटनमध्ये घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्यासाठी आयव्हीए ही तपासणी पास व्हावी लागते. त्यात धुराची मर्यादा इंजिनाच्या वयावर ठरते. जुन्या मर्यादेत आयडलला ३.५ टक्के कार्बन मोनॉक्साइड आणि १२०० पीपीएम हायड्रोकार्बन चालतात. नीट लावलेले कार्बोरेटर त्यात आरामात बसतात. पण तुमचं इंजिन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या काळातलं ठरलं, तर कार्बन मोनॉक्साइड अर्ध्या टक्क्याच्याही खाली आणि लॅम्डा (हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा आकडा) ०.९७ ते १.०३ मध्ये ठेवावा लागतो. दोन वेबरवर ते होईल अशी आशा धरू नका. म्हणून इंजिन घ्यायच्या आधी त्याच्या उत्पादनाच्या तारखेचा पुरावा मिळतो का ते बघा, आणि तपासणीच्या मॅन्युअलमधलं उत्सर्जनाचं प्रकरण स्वतः वाचा. मित्राने सांगितलं म्हणून पुढे जाऊ नका. काही जण तपासणीपुरतं इंजेक्शन ठेवतात आणि कार्बोरेटर नंतर बसवतात. पण एमओटी या वार्षिक तपासणीलाही धूर मोजला जातो, तेव्हा तेच दुखणं दर वर्षी उगवतं.

पुण्या-कोल्हापुरात बसून हे वाचणाऱ्यांना एक सांगतो. भारतात मूळ उत्पादकाच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर स्पष्ट निकाल दिला आहे. तिथे हे ज्ञान जुनी गाडी दुरुस्त करायला किंवा ट्रॅकवरच्या गाडीला उपयोगी पडेल.

कोणते कार्बोरेटर

सरळ रस्ता वेबर डीसीओईच्या जोडीचा. एका कार्बमध्ये दोन नळ्या, म्हणजे चार सिलिंडरना चार नळ्या. मूळ कंपनी इटलीतल्या बोलोन्याची, नवीन माल स्पेनमधून येतो, आणि हुबेहूब दिसणाऱ्या नकलाही भरपूर आहेत. नावातला ४० किंवा ४५ हा आकडा थ्रॉटलच्या नळीचा मिमीमधला व्यास आहे. रस्त्यावरच्या, कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) न बदललेल्या झेटेकला ४० पुरतात. पुढे कॅम बदलायचा विचार असेल तर ४५ घ्या आणि आत लहान व्हेंचुरी, म्हणजे नळी अरुंद करणारी बाही, बसवा.

या व्हेंचुरीलाच वेबरवाले चोक म्हणतात. आपल्याकडे चोक म्हणजे थंडीत ओढायची दांडी, त्यामुळे सुरुवातीला माझा चांगलाच गोंधळ उडाला. '३४ चोक' म्हणजे नळीच्या अरुंद भागाचा व्यास ३४ मिमी. इंजिनाचा स्वभाव बाहेरच्या ४० किंवा ४५ वर नाही, या आकड्यावर ठरतो. मोठा चोक वरच्या आरपीएमला ताकद देतो आणि खाली पिकअप मारतो. गावातून चालवायची गाडी असेल तर ३४ च्या पुढे जाऊ नका.

स्वस्तातला रस्ता मोटरसायकलच्या कार्बचा. २००२ च्या आधीच्या यामाहा आर-वनचे ४० मिमीचे मिकुनी लोकॉस्टवाल्यांचे लाडके आहेत. ते हवेच्या ओढीप्रमाणे स्वतःच स्लाइड उचलतात, त्यामुळे चूक पोटात घालतात. पण त्यांच्या नळ्यांमधलं अंतर झेटेकच्या पोर्टशी जुळत नाही, म्हणून मॅनिफोल्ड खास बनवून घ्यावा लागतो किंवा कार्ब सुटे करून परत जोडावे लागतात. आवाजासाठी वेबर, खिशासाठी मिकुनी. मी आवाजाला भुललो.

इंजिन मोकळं करणं

हा भाग एका शनिवारचा. इनटेक मॅनिफोल्ड, इंजेक्टर, फ्युएल रेल, आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह आणि एअरफ्लो मीटर काढा. चार गोष्टी मात्र काढू नका: क्रँक सेन्सर, कॉइल पॅक, पाण्याच्या तापमानाचा सेन्सर आणि कॅम सेन्सर. कॅम सेन्सर आता वापरात नाही, पण तो काढला तर ते भोक बुजवत बसावं लागेल. पोर्टमध्ये चिंध्या कोंबा आणि किती कोंबल्या ते मोजून लिहून ठेवा. हसू नका, लिहा.

क्रँककेसचा ब्रीदर, म्हणजे इंजिनातली तेलकट वाफ बाहेर सोडणारी नळी, आधी मॅनिफोल्डमध्ये जात होता, तो आता कॅच टँक नावाच्या वेगळ्या डब्यात सोडायचा. इंजिन बाहेर आहे तोवर टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप बदलून टाका. गाडीत बसल्यावर तिथे हात जाणार नाही.

ठिणगी

झेटेकच्या फ्लायव्हीलवर इंजिनाकडच्या बाजूला दात आहेत. जागा ३६, दात ३५. एक मुद्दाम गायब. प्रत्येक दात म्हणजे १० अंश. ब्लॉकमधल्या सेन्सरसमोरून ही रिकामी जागा गेली की ९० अंशांनी पहिला सिलिंडर टीडीसीला, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो त्या जागी, येतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या फोर्ड गाड्यांमध्ये ईडीआयएस-४ नावाचं ठिणगीचं वेगळं मॉड्यूल असे, आणि त्याला नेमकी हीच रचना लागते. म्हणजे तुमच्या इंजिनावर सेन्सर आणि दात आधीच आहेत. वेगळं चाक लावावं लागत नाही. हलका फ्लायव्हील घेणार असाल तर त्यावर हे दात ठेवलेले आहेत ना, एवढं बघा.

ईडीआयएस फक्त ठिणगी मारतं. किती अंश आधी मारायची हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. ते काम हौशी मंडळी मेगाजोल्ट नावाच्या छोट्या डब्यावर सोपवतात. त्यात १० बाय १० ची एक जंत्री असते: एका बाजूला आरपीएम, दुसऱ्या बाजूला लोड, आणि प्रत्येक घरात अंश. लोड मोजायचे दोन मार्ग आहेत, मॅनिफोल्डमधला दाब किंवा थ्रॉटलची स्थिती. चार सुट्या नळ्यांमध्ये दाब इतका उड्या मारतो की त्यावर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून वेबरच्या स्पिंडलच्या टोकाला थ्रॉटल पोझिशन सेन्सर बसवा. त्यासाठी ॲडॅप्टर मिळतो.

जंत्रीची सुरुवात सावध असू द्या. आयडलला १२ अंशांच्या आसपास, पूर्ण थ्रॉटलला ५००० आरपीएमच्या वर २८ पर्यंत, त्याहून पुढे नाही. कमी थ्रॉटलला जास्त अंश चालतात. रेव्ह लिमिट ६५०० ला बांधा. शेवटचे दोन-तीन अंश रोलिंग रोडवर (गाडी जागेवर ठेवून चाकं रोलरवर फिरवत ताकद मोजायचं यंत्र), जाणत्या माणसासमोर द्यायचे.

सेन्सरपासून मॉड्यूलपर्यंत शील्ड असलेली वायर वापरा आणि शील्ड फक्त मॉड्यूलच्या बाजूला जोडा. सेन्सरच्या दोन वायरींना उलट-सुलट असतं, हे लक्षात ठेवा. माझ्या इथेच चुकल्या. इंजिन सुरू झालं, आयडलला बरं चाललं, आणि २५०० च्या पुढे मिसिंग, खोकला, कार्बमधून ज्वाळा. मी तीन संध्याकाळी जेट बदलले. इडल जेट (आयडलचा), मेन जेट, फ्लोटची (कार्बमधली पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या भागाची) उंची, सगळं झालं. चौथ्या दिवशी टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लुकलुकणारा दिवा) लावली तर पुलीवरची खूण नाचत होती. दोन वायरींची अदलाबदल केली आणि दहा मिनिटांत इंजिन गुळगुळीत चालायला लागलं.

म्हणून क्रम असा ठेवा. टाकीत पेट्रोल येण्याआधी प्लग काढून पहिला सिलिंडर टीडीसीला आणा आणि पुलीवर पांढरी खूण करा. प्लग वायरींना जोडून इंजिनाच्या धातूवर टेकवा, स्टार्टर फिरवा आणि लाइट मारा. स्टार्टरवर ईडीआयएस ठरावीक १० अंशांनी ठिणगी मारतं, तेव्हा खूण १० वर स्थिर दिसली पाहिजे. पुढे इंजिन चालू झाल्यावर मेगाजोल्टचा प्लग काढून हेच परत बघा. मॉड्यूलला सूचना मिळाली नाही की ते आपणहून त्याच १० वर येतं. खूण हलत असेल तर कार्बला हातही लावू नका.

कॉइल पॅक जोडीने ठिणगी मारतो, १ आणि ४ एकदम, २ आणि ३ एकदम. जोडीतल्या दोन वायरी आपसात बदलल्या तरी चालतं. जोडीच चुकली तर इंजिन फक्त फटाके वाजवेल.

पेट्रोल

इंजेक्शनचा पंप सुमारे ३ बार दाब देतो. वेबरला हवा ३ पीएसआय, म्हणजे ०.२ बार. जुना पंप तसाच ठेवून मधे रेग्युलेटर लावण्याचा मोह आवरा. फ्लोटची सुई तो दाब अडवू शकत नाही, आणि पेट्रोल थेट नळीतून एक्झॉस्टच्या अंगावर सांडतं. फॅसेटसारखा कमी दाबाचा इलेक्ट्रिक पंप टाकीजवळ, टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खाली बसवा. हे पंप ढकलतात छान, ओढतात वाईट. पुढे फिल्टर, मग रेग्युलेटर, मग गेज. पंपाची वीज रिले आणि इनर्शिया स्विचमधून न्या, म्हणजे धडक बसली की पंप बंद पडेल.

ब्रिटनमध्ये २०२१ पासून साधं पेट्रोल ई-१० आहे. त्यातलं इथेनॉल जुन्या रबराच्या नळीला आतून खातं. नळी घेताना तिच्यावर आर-९ छापलेलं आहे का बघा. जुना साठा स्वस्तात मिळाला तरी नको.

इग्निशन बंद ठेवून फक्त पंप चालवा. प्रत्येक जोड कोरड्या टिश्यूने पुसून बघा. अग्निशामक हाताशी असू द्या, गॅरेजच्या दुसऱ्या टोकाला नको.

कार्ब बसवणं

दोन कार्ब मॅनिफोल्डला घट्ट आवळायचे नसतात. ही गोष्ट कोणालाच पहिल्यांदा पटत नाही. मधे ओ-रिंगची प्लेट असते आणि नटाखाली दुहेरी कॉइलचे वॉशर किंवा रबरी कप. नट इतकाच फिरवायचा की कॉइलच्या वेढ्यांमध्ये साधारण १ मिमी फट राहील. कार्ब हाताने धरला तर किंचित हलला पाहिजे. घट्ट केला तर चार सिलिंडरच्या कंपनाने फ्लोट चेंबरमधलं पेट्रोल फेसाळतं, आणि फेस जेटमधून जात नाही. नट नायलॉक वापरा, नाहीतर सुटतील.

कार्ब इंजिनाच्या दिशेने थोडे उतरते असावेत, ५ अंशांच्या आसपास. ट्रम्पेटच्या, म्हणजे कार्बच्या तोंडाला लावलेल्या कर्ण्याच्या, तोंडापासून फिल्टरच्या झाकणापर्यंत हवेला जागा सोडा. बॉनेटखाली ही जागा कमी पडते म्हणून किती जण बॉनेट कापतात! तेव्हा मॅनिफोल्ड मागवायच्या आधी पुठ्ठ्याचा कार्ब करून बसवून बघा.

थ्रॉटलच्या दांडीला दोन रिटर्न स्प्रिंग लावा. मग कोणाला तरी पेडल पूर्ण दाबायला सांगून ट्रम्पेटच्या तोंडातून नळीत डोकावा. फुलपाखरू, म्हणजे थ्रॉटलची चकती, पूर्ण आडवं झालं पाहिजे, आणि पाय काढल्यावर खट्कन मिटलं पाहिजे.

जेट: सुरुवातीचा अंदाज

वेबरवाल्यांचा जुना हिशेब आहे. चोकच्या आकड्याला चारने गुणा, मेन जेट मिळतो. ३४ चोक, तर १३६, म्हणजे १३५ चा जेट. त्यात ५० मिळवा, एअर करेक्टर (मेन जेटच्या पेट्रोलात हवा सोडणारा जेट) १८५. इमल्शन ट्यूब, म्हणजे ही हवा पेट्रोलात मिसळणारी भोकांची नळी, एफ-१६ ने सुरुवात करा. इडल जेट ५० किंवा ५५. फ्लोटची उंची कार्बच्या मॉडेलप्रमाणे बदलते, ती त्या मॉडेलच्या तक्त्यातूनच घ्या.

हे आकडे इंजिन सुरू करण्यापुरते आहेत. त्यांना देव मानू नका.

पहिली सुरुवात

इडल मिक्स्चरचे चार स्क्रू हलक्या हाताने आत टेकेपर्यंत फिरवा आणि बारीक आट्यांचे असतील तर अडीच फेरे बाहेर काढा. जोर लावून टेकवलात तर टोक दबेल आणि तो सिलिंडर आयुष्यभर कुरकुरेल. पंप चालू करा, फ्लोट चेंबर भरू द्या. पेडल दोन-तीनदा पूर्ण दाबा. प्रत्येक दाबाला ॲक्सिलरेटर पंप चारही नळ्यांत पेट्रोलची पिचकारी मारतो. तीच तुमची थंडीतली चोकदांडी. मग स्टार्टर.

चालू झालं की लगेच आयडलशी खेळू नका. पाणी गरम होऊ द्या, गळती बघा. मग दोन कार्बमधली दांडी सैल करून सिंक्रोमीटरने प्रत्येकाची हवा मोजा. आयडल स्क्रूने दोन्ही सारखे करा आणि दांडी परत जोडा. २००० आरपीएमला पुन्हा मोजा. आयडलला जुळलेले कार्ब तिथे फाटत असतील तर दांडीच्या सांध्यात खेळ आहे. आता मिक्स्चर: एक स्क्रू हळूहळू आत, इंजिन अडखळलं की परत बाहेर, सगळ्यात गुळगुळीत जागेवर थांबा. चारही असेच करा. आयडल ९०० ते १००० च्या दरम्यान ठेवा.

रस्त्यावर

प्लगचा रंग बघून मिश्रण ठरवायची आपली जुनी सवय आजच्या शिसंविरहित पेट्रोलवर फसवते. एक्झॉस्टमध्ये बॉस (आट्यांचं बूड) वेल्ड करून वाइडबँड लॅम्डा सेन्सर लावा. पूर्ण थ्रॉटलला हवा-पेट्रोलचं प्रमाण १२.५ ते १३, संथ चालीत १४ च्या आसपास दिसलं की बरं.

क्रम पाळा. आधी आयडल, मग प्रोग्रेशन (थ्रॉटल थोडा उघडताना पेट्रोल देणारी बारीक भोकं), मग मेन, मग एअर करेक्टर, शेवटी पंप जेट. नवशिका सगळ्यात आधी मेन जेट बदलतो, कारण त्याचं नाव मोठं. प्रत्यक्षात गावातली जवळपास सगळी चाल, साधारण २५०० ते ३००० आरपीएमपर्यंत, इडल जेट आणि प्रोग्रेशनच्या भोकांवर होते. हळू वेग घेताना झटका बसला, कार्बमधून खोकला आला, तर इडल जेट एक माप मोठा. एक्झॉस्टमधून काळा धूर आणि पेट्रोलचा वास, तर एक माप लहान. जेव्हा ३५०० च्या पुढे गाडी अडखळते तेव्हा मेनचा विचार. फक्त अगदी वरच बिघडत असेल तर एअर करेक्टर, आणि तिथे उलटं लक्षात ठेवा: मोठा एअर जेट म्हणजे कमी पेट्रोल. पेडल एकदम दाबल्यावर क्षणभर खड्डा पडतो, तो पंप जेटचा.

एका वेळी एकच जेट बदला. चारही नळ्यांना तोच. आणि वहीत लिहा: तारीख, हवेचं तापमान, काय काढलं, काय घातलं, काय वाटलं. वहीशिवाय तिसऱ्या दिवशी तुम्ही पहिल्या दिवसाच्या जागी परत आलेले असता आणि ते कळतही नाही.

शंभर मैल झाले की बॉनेट उघडून कार्बच्या नटाखालची ती १ मिमीची फट परत मोजा. माझ्या गाडीत दुसऱ्या कार्बचा खालचा नट अर्धा फेरा सुटला होता, आणि मी तोवर इडल जेट मोठा करून बसलो होतो.